सत्तरांतली मुक्ता

पालकसभेला मी चुकून शेजारच्या तुकडीत जाऊन बसलो. पाळी आल्यावर म्हणालो, "मी मुक्ताचा बाबा." बाई हसल्या. "मुक्ता ना? हुशार आहे, फक्त जरा मोकळेपणी बोलायला हवं." मी खूश होऊन मान डोलावली. बाहेर येऊन दारावरची पाटी वाचली, तेव्हा कळलं की या बाईंनी मुक्ताला कधी शिकवलेलंच नाही.

चिडावं तर कुणावर? वर्गात सत्तर मुलं, एका बाकावर तिघं. एवढ्यांत बाईंच्या लक्षात राहतो तो पहिला येणारा, नाहीतर खोड्या काढणारा. खोडी काढली की निदान नावानं हाक तरी ऐकू येते, मग मुलं खोड्या काढणारच. आणि मुक्तासारखी गप्प मुलं 'हुशार आहे, बोलत नाही' एवढ्यावर वर्ष काढतात.

घरी आल्या आल्या मी जाहीर केलं, "उद्या मुख्याध्यापकांना भेटणार. नवी तुकडी काढाच म्हणणार. नाही म्हणाले तर चार पालक घेऊन पुन्हा जाणार!"

बायको म्हणाली, "मीही येते. पण अहो, आपल्या घरच्या वर्गात एकच मूल आहे, आणि ते मघापासून तुम्हाला काहीतरी सांगतंय."