कॉलमच्या मानेतले तीन ठोके

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. गाडीला लिंबू-मिरची बांधणाऱ्या मैत्रिणींची मी आयुष्यभर टिंगल केली. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, प्रॅक्टिस कोल्हापुरातच. काँक्रीट आणि लोखंड सोडून मी कुणाचं फारसं ऐकत नाही... तरी हे लिहितेय, कारण पोटात ठेवून चैन पडत नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आदल्या आठवड्यात भूकंपाचा धक्का बसला होता. आम्हाला कोयनेकडचे धक्के नवीन नाहीत. भांडी वाजतात, लोक बाहेर येऊन "तुम्हाला जाणवला का?" विचारतात आणि चहाला आत जातात. पण या वेळी रंकाळ्यापलीकडच्या एका चार मजली बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, एका कॉलमच्या मानेला, म्हणजे अगदी वर, बीमला मिळतो तिथे, तिरकी चीर पडली. चेअरमन शंकरकाकांनी मला बोलावलं. पैलवानी अंग आणि आवाज तिसऱ्या गल्लीत जाणारा! त्यांची लेक प्रियांका पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, नववा महिना, आणि फ्लॅट नेमका त्या कॉलमच्या डोक्यावर.

"मॅडम, प्लास्टरची चीर हाय म्हणून लिवून द्या की," काका म्हणाले. "आमचं व्याही लई भित्रं हाईत. बिल्डिंग धोक्याची म्हटलं की पोरीला उचलून नेतील. पयलं बाळंतपण माझ्या दारात व्हायला पायजे का नको?"

सकाळचे साडेअकरा वाजले होते. मी रिबाउंड हॅमर लावला. काँक्रीट किती कणखर आहे ते तो सांगतो. रीडिंग एकदम झकास! 'कॉलम चांगला आहे,' असं काकांना सांगून मीही निवांत झाले. डावा हात कॉलमवर टेकवला आणि 'किरकोळ तडा' असं लिहायला घेतलं.

टण्... टण्... टण्.

लोखंडावर लोखंड मारल्याचा आवाज — कॉलमच्या आतून. तळहाताला झिणझिण्या आल्या.

"वर कोन ठोकतंय रं?" काका ओरडले. म्हणजे त्यांनीही ऐकलं होतं! प्रियांका गॅलरीतून म्हणाली, "कुणी न्हाई बाबा, मी आन आई दोघीच हाय." काका तडक वरपर्यंत जाऊन आले. बाकीच्या सगळ्या दारांना कुलपं.

माझ्या अंगावर काटा आला तो वेगळ्याच कारणानं. माझे वडील मुरगूडचे, सळया बांधणारे फिटर. शाळेच्या सुट्ट्या मी त्यांच्या साइटवर काढल्या. मिक्सरच्या धडधडीत हाक ऐकू जात नाही, म्हणून त्यांच्या गँगची एक खूण होती. वरचा माणूस सळईवर पकडीनं ठोकायचा. दोन ठोके — माल ओता. तीन ठोके — थांबा, रिंगा बांधायच्या राहिल्यात.

रिंगा म्हणजे उभ्या सळयांना कवटाळून ठेवणारी लोखंडी कडी. बीम आणि कॉलम मिळतात तिथे सळयांची इतकी गर्दी असते की रिंग घालताना बोटं सोलून निघतात. म्हणून कंटाळून बरेच जण ती जागा तशीच सोडतात, आणि भूकंपात कॉलम नेमका तिथेच फुटतो. रिबाउंड हॅमरला आतली रिंग दिसत नाही हे मला कॉलेजपासून पाठ होतं. तरी पेन चाललंच होतं! स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"काका, ही मान फोडून बघायची."

"आं? आत्ता तर चांगला हाय म्हनलासा!"

दुपारपर्यंत बीमखाली लोखंडी टेकू उभे केले आणि मग वरचं काँक्रीट फोडलं. उभ्या सळया होत्या. रिंग? एकही नाही. काकांनी स्वतः हात घालून चाचपलं. "माझ्या पोरीच्या खाली ह्ये व्हतं व्हय..." एवढंच बोलले, आणि तिथूनच त्यांनी व्याह्यांना फोन लावला — पोरीला घेऊन जावा.

तिसऱ्या दिवशी दुपारी गाडी यायची होती. माझ्या सांगण्यावरून सगळ्या घरांची बांधाबांध चालू होती, मी शेवटचे टेकू आवळून घेत होते आणि पुन्हा धक्का बसला. मोठा. माझ्या डोळ्यांदेखत त्या कॉलमची मान फुटली, सळया बाहेर फुगल्या... आणि बीम अलगद टेकूंवर बसला. बसला, पण पडला नाही! जिन्यावरून माणसं धावत आली. सगळ्यात शेवटी प्रियांका, कठडा धरून, एकेक पायरी. काका तिच्यावर ओरडले, "एवढा येळ?"

"गॅस बंद करून आले की," ती म्हणाली.

पुढे प्रत्येक कॉलमला नव्या सळया आणि भरपूर रिंगांचं जॅकेट घातलं. बाळंतपण सासरी झालं, पण विहीणबाईंनी बारसं मात्र आजोबांच्याच दारात करायचं ठरवलं. दुरुस्त झालेल्या पार्किंगमध्ये हलगी कडाडली. काकांनी माझ्यावर मूठभर गुलाल उधळला आणि मी नाचले. हो, मी!

वडिलांना सगळं सांगितलं. म्हणाले, "त्या बिल्डिंगवर मी कवा गेलो न्हाय. आन मी अजून जित्ता हाय, मग ठोकनार कोन?" त्यांच्या गँगमधलंही कुणी तिथे कामाला नव्हतं. पाइप, पाण्याचा पंप, काँक्रीटचं आकुंचन... मी सगळं तपासलं. उत्तर आजही नाही.

फायनल रिपोर्टमध्ये एक रकाना होता — 'कॉलम फोडण्याचं कारण'. आधी 'तिरकी चीर' असं लिहिलं आणि खोडलं. मग मी लिहिलं, 'साइटवरून सूचना आली', आणि खाली झोकात सही ठोकली.