पहिल्या जाळ्याआधीचे गाणे

क्रोध हा अभ्यासाचा वैरी, हे मी पाठशाळेत शिकलो आणि पुढे आयुष्यभर शिकवीत आलो. तरीही देवीच्या देवळात त्या सकाळी आलेला राग अजून उतरलेला नाही; तो उतरावा, अशी प्रार्थनाही मी केलेली नाही.

पोंभुर्ण्याकडच्या आमच्या गावात तलावात वर्षाचे पहिले जाळे पडण्याआधी मासेमारी करणाऱ्या एका घरातील बाई कंबरभर पाण्यात उभी राहून देवीचे गाणे म्हणते. हा मान त्याच घराचा. गाणारी बाई गेल्या उन्हाळ्यात वारली. यंदा तिची लेक प्रथमच पाण्यात उतरणार होती.

उत्सव समितीचा सचिव वरोऱ्याच्या महाविद्यालयात शिकवतो. त्याने समितीतल्या दोघांसमक्ष मला देवळात बसवून मोबाइलवरची कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने दाखविली.

"गुरुजी, हे पत्रिका लिहाचं, हे चित्राचं, हे हिशेबाचं. ज्याचं काम त्यालेच द्याचं. सगळं एकालेच सांगतलं का घोळ होते."

मला ते पटले. यज्ञातही 'होता' नावाचा ऋत्विज ऋचा म्हणतो, अध्वर्यू कर्म करतो, उद्गाता गातो. एकाच्या अधिकारात दुसरा शिरत नाही. पत्रिकेतल्या मजकुरात देवीला सुवर्णमुकुट चढला होता. आमची देवी म्हणजे शेंदूर माखलेली शिळा. मी मुकुट तेवढा खोडला, बाकी मजकूर ठेवला.

"आता आवाजाचे दोन हायेत," तो म्हणाला. "एक नुसतं वाचून दाखवते. दुसरं कोनाचाबी आवाज उचलते. कोनतं घेवाचं, ते तुमी सांगा."

आणि त्याने दुसरे लावले. त्या गेलेल्या बाईचा घोगरा सूर देवळात घुमला. कोणा नातेवाइकाच्या जुन्या चित्रफितीतून तो उचलला होता. दोन कडवी तिची होती. तिसऱ्यात ती मंडपाचा खर्च उचलणाऱ्या ठेकेदाराची थोरवी गाऊ लागली.

लेक फुले घेऊन आली होती. ती पायरीवरच थांबली.

"हे माह्या मायनं कवाच म्हटलं नाई."

"अवो बाई, लोकायले भोंग्यावर मायचाच आवाज पायजे. तुहा गळा बसते."

"मंग मी काय करू, भाऊ? भोंग्यापाशी दिवा धरून उभी राहू?"

तो हसला आणि माझ्याकडे वळला. "सांगा गुरुजी, दोघातलं कोनतं?"

यज्ञात चौथा ऋत्विजही असतो, ब्रह्मा. तो मौन धरून सारे पाहतो आणि चूक झाली की बोलतो. मला केवळ 'कोणते' एवढेच विचारले होते. गाणारी समोर उभी असताना तिची जागा कोणाला द्यावी का, हे विचारण्याची गरज कोणाला भासली नव्हती. ते आधीच ठरले होते. त्यावर माझ्या शास्त्राची मोहर तेवढी हवी होती. आणि मृताच्या मुखी ठेकेदाराची स्तुती!

मी म्हणालो, "पत्रिकेला साधन घ्या, हिशेबाला घ्या. गाण्याला ही आहे. तो आवाज वाजला, तर पूजेला दुसरा पुरोहित पाहा."

"जमान्यासंग चाला, गुरुजी."

लेकीने फुले खाली ठेवली. "तुह्या मोबाइलले कंबरभर पान्यात उतरव ना, भाऊ. मंग पाहू, किती गाते ते."

समितीतले दोघे खळखळून हसले. सचिवाने मोबाइल खिशात घातला.

उत्सवाच्या दिवशी भोंगा बंद होता. ती पाण्यात उतरली. दुसऱ्या कडव्यात तिचा गळा खरोखरच बसला. ती थांबली, ओंजळभर पाणी तोंडावर मारले आणि पुन्हा पहिल्यापासून उचलले. जाळे खांद्यावर घेतलेली माणसे काठावर उभी राहिली. कोणी घाई केली नाही.

पूजा आटोपल्यावर मी सचिवाला विचारले, "बाईचा तो आवाज पुसलास का?"

"पाहू ना, गुरुजी," तो म्हणाला.

त्यानंतरही मी त्याला तेच विचारीत आलो आहे. तो अजून पाहतोच आहे.