होसकोट्याचे व्याही

परदेशात पळालेल्यांच्या प्रत्यार्पणाचे, कोठडीतल्या मारहाणीचे असे मोठमोठे खटले मी चालवते, म्हणून घरचे मला चेष्टेनं 'बॅरिस्टरीणबाई' म्हणतात. पण माझ्या वकिलीतला सगळ्यात सुखाचा दिवस एका साध्या जामिनाचा आहे.

जयनगरातले एक निवृत्त मास्तर पुतण्याच्या कंपनीत नावापुरते संचालक झाले होते. पुतण्यानं काय दिवे लावले, ते परराज्यातले पोलीस मास्तरांना न्यायला आले तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी मुलीचं लग्न! दारात मांडव आणि वधूपिता कोर्टात. त्यांची बायको माझा हात सोडेना.

"अक्का, स्वल्प कायतरी करा. व्याह्यांना कळलं तर लग्नच मोडंल."

मी तावातावानं भांडले. कन्यादान सोडून हा माणूस पळणार तरी कुठे, असं विचारलं. न्यायाधीशांनी तात्पुरता जामीन दिला, पण अट घातली: स्वतःच्या नावावर घर किंवा जमीन असलेला इथला जामीनदार आजच हवा. नाहीतर मास्तरांची रवानगी पोलिसांबरोबर.

झाली पंचाईत! सकाळपर्यंत मांडवात मिरवणारे भाऊबंद फोन उचलेनात. एकाचं घर अचानक बायकोच्या नावावर झालं, दुसऱ्याचं ब्लडप्रेशर वाढलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात जवळच्याच होसकोट्याहून व्याही आले, एकटेच. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. मास्तरांच्या बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. मलाही वाटलं, हे सोयरीक मोडायलाच आले. ते थेट न्यायाधीशांपुढे गेले आणि पिशवीतून शेताचे कागद काढून टेबलावर ठेवले.

जामीनदाराला आरोपीशी नातं विचारण्याची रीत आहे. न्यायाधीशांनी कन्नडमध्ये विचारलं.

"बीगरु," ते म्हणाले. म्हणजे व्याही.

"लग्न झालं?"

"उद्या आहे, स्वामी. तुम्ही यांना सोडलंत तर."

न्यायाधीश हसले आणि त्यांनी जामीनदार मंजूर केला. मी काळ्या कोटाच्या बाहीनं डोळे पुसले, लाजायचं काय त्यात!

पिंजऱ्यातून बाहेर आलेले मास्तर व्याह्यांच्या पायाशी वाकायला लागले. व्याह्यांनी त्यांना दंडाला धरून उभं केलं आणि बाजूच्या हवालदाराकडे बोट दाखवत दटावलं,

"चला घरी, अण्णा. माझ्या सुनेचं कन्यादान काय यांनी करायचं?"