चारपर्यंत मोजणारे साडू

शांततेसाठी इतकं भांडणारा माणूस साऱ्या नागपुरात दुसरा सापडायचा नाही. हे माझे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. निवृत्त झाल्यापासून आमच्या लेआउटच्या बगिच्यात पहाटे साडेपाचला फुकट प्राणायाम शिकवतात. "मन शांत करा" हे ते अशा आवाजात सांगतात, की तिथली कुत्री उठून भिंतीपलीकडे जातात. शवासनात कुणाचा अंगठा हलला, की लगेच, "काहून हलून राहिला बे? मुर्दा कधी हलते का?" त्यांचा नियम असा, की चार मोजेपर्यंत श्वास घ्यायचा, चार मोजेपर्यंत धरायचा आणि त्यांनी "सोडा" म्हटल्यावरच सोडायचा. पण चार आणि "सोडा" यांच्या मध्ये त्यांना नेमका कुणीतरी दिसे. कुणी उशिरा आलेला, कुणाची सतरंजी वाकडी. मग ते त्याला झापत आणि इकडे तेवीस माणसं छाती फुगवून बसलेली. एकदा मी घड्याळ लावलं, तर एकतीस सेकंद भरले. तसं सांगितल्यावर म्हणाले, "पाहुणे, श्वास मोजा ना, सेकंद काहून मोजून राहिले?" सगळे हसले. मीही हसलो.

माझ्या बायकोला दमा आहे. तिच्या पिशवीत नेहमी पंप असे. तो त्यांनी पाहिला आणि वर्गासमोर म्हणाले, "काहून वं, देवानं दोन नाकपुड्या देल्या, तिसरी प्लास्टिकची कायले पाहिजे तुले?" तेव्हाही सगळे हसले. दुसऱ्या दिवसापासून पंप फ्रिजवर राहू लागला. मी रोज तो तिथे पाहत होतो, बोललो मात्र नाही.

डिसेंबरातल्या एका सकाळी भस्त्रिका झाली, श्वास धरून झाला, चार म्हणून झालं, आणि फाटकातून कुणी स्कूटर आत घातली. साडू त्याच्यावर धावून गेले. सांगितलेलं मोडायचं नाही, हा बायकोचा स्वभाव. ती थांबली. मग श्वास सुटला, पण पुढचा आत जाईना. बगिच्यापासून आमचं घर तीनशे बारा पावलं आहे. त्या दिवशी मी ती मोजली नाहीत.

तीन रात्री दवाखान्यात काढल्या. साडू आले, दाराशीच चपला काढून उभे राहिले. "मी तं तिच्या भल्यासाठीच..." म्हणाले. "भाऊ," मी म्हणालो, "तुमच्या भल्यातून ती थोडक्यात वाचली." या गोष्टीला चौदा महिने झाले. त्यानंतर मी त्यांच्याशी एक शब्द बोललेलो नाही.

बायको मात्र जाते, पंप मुठीत घेऊन. "त्यांच्यावर राग धरून मले काय भेटते?" म्हणते. मी गॅलरीत चहा घेऊन बसतो. तीनशे बारा पावलांवरून त्यांचा आवाज अजून स्पष्ट येतो, पण कुत्री आता जागची उठत नाहीत. वर्ग सुरू करण्याआधी ते विचारतात, "ज्याचा पंप आहे त्यानं आणला ना गा?" मग थोडं थांबून मोजू लागतात. एक, दोन, तीन, आणि लगेच, जरा घाईनंच, "सोडा."

चौदा महिन्यांत त्यांच्या तोंडून चार मी एकदाही ऐकलेला नाही.