पाचवं नाव
ऑफिसात कुणी नव्या गुळाचा खडा हातावर ठेवला, की मला कॉलेजातली ती ऑनलाइन स्पर्धा आठवते. गुळाचा पाक कधी तयार झाला हे सांगणारं यंत्र आम्ही चौघं बनवत होतो. बाकी तिघं मोठ्या शहरांतली, आणि मी कोल्हापूरजवळच्या आमच्या गुऱ्हाळावर, धूर दिसू नये म्हणून कॅमेरा बंद ठेवून बसलेली. यंत्र रोज चुकायचं. एकदा वडीलच वैतागले, "अगं, दाव की त्यास्नी!" मी कॅमेरा सुरू केला. त्यांनी उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात सोडला, बोटांत गोळी वळली, "आत्ता झाला बघा." पलीकडून तिघंही एकदम म्हणाली, "काका, परत दाखवा ना!" सादरीकरणाच्या शेवटच्या पानावर त्या तिघांनी टीमची पाच नावं लिहिली. स्वतःचं नाव वाचून वडील पुटपुटले, "मी कुठं कॉलेजला गेलतो?" बक्षीस हुकलं. पण नोकरीच्या मुलाखतीत टीमबद्दल विचारलं, तेव्हा मी पाचव्या नावापासून सुरुवात केली.