हणमंत सर आणि शिवकन्याचं जुनं मशीन

ज्या माणसाला मी भर वर्गात चोर म्हणालो, तो माणूस आज सकाळी गेला.

हणमंत सर.
रेणापूर तालुक्यात शाळा-शाळांवर फिरणारे, दिव्यांग लेकरांचे सर.

मी कापडदुकानदार. दूध घेतानाही बोट बुडवून बघतो. कुणी गोड बोललं की माझ्या मनात पाल चुकचुकलीच म्हणून समजा.

माझी पोरगी शिवकन्या तेव्हा चौथीत. जन्मापासून ऐकू कमी येतं, दोन्ही कानांना मशीन. वर्गातली लेकरं "भैरी, भैरी" करायची. रोज रडत घरी.
मी ठरवून टाकलं होतं. दिवाळीनंतर शाळा बंद.

तेवढ्यात हे सर दुकानात.
"मालक, पोरीचं जुनं मशीन घरात पडलं असंल तर चार दिवस द्या."
"कशाला?"
"वर्गातल्या लेकरांना दाखवायचंय."

दाखवायला चार दिवस कशाला लागतात? फोटो काढून वर पाठवायचे असतील. नाहीतर मशीनच लंपास. फुकटात कोण कुणासाठी राबतंय हो?

तरी दिलं.

चार दिवस झाले. सहा झाले. सर फिरकले न्हाईत.

सातव्या दिवशी शटर ओढलं आणि तडक शाळेत. दारातूनच ओरडलो, "सर, माझं मशीन टाका इकडं! असले चोर लई बघितलेत मी!"



शिवकन्या पहिल्या बाकावर, दाराकडं पाठ करून. बाकीची लेकरं रांगेत उभी. मशीन डॉक्टरच्या नळीला जोडलेलं, आणि एकेक जण ती नळी कानाला लावून ऐकत होता.

सर चिडले नाहीत. "या मालक. आता तुमचा नंबर."
नळी माझ्या कानाला.

वर्गाच्या मॅडम फळ्याजवळून काहीतरी बोलत होत्या. मागं कुणीतरी बाक सरकवला.
आई गं! डोक्यात हातोडाच बसला. पंखा, बाक, बाहेरची मोटारसायकल, सगळं एकाच जोरात. मॅडमचं एक अक्षर कळंना.

मला वाटायचं, चष्मा लावला की दिसतं तसं मशीन लावलं की ऐकू येतं. चार वर्षं मी पोरीवर खेकसत होतो, "मशीन लावलंय ना? मग लक्ष कुठं हाय?"
लाज वाटली. लई लाज वाटली.

सर म्हणाले, "तिला शिकवणं सोपं हाय मालक. मी येतो ते ह्या बाकीच्यांसाठी."

पुढच्या आठवड्यात लेकरांनी पंक्चरवाल्याकडून सायकलची जुनी ट्यूब आणली. तुकडे कापून बाकांच्या पायांना चढवले, सरकताना आवाज नको म्हणून. बोलायचं ते तिच्या समोर येऊन, तोंड दिसंल असं.

तरी माझा विश्वास न्हाई. चार दिवसांचं नाटक म्हणून महिनाभर कंपाउंडवरून डोकावत होतो.
नाटक नव्हतं.

आज ती लातूरला अकरावीत आहे.

सरांची माफी मात्र मागितली नाही. दर दिवाळीला शर्टपीस घ्यायला यायचे, चहा व्हायचा. आणि माझ्या मनात एकच. ह्यांनी पोरीला सगळं सांगितलं असणार, माझ्यापुढं गोड बोलून राहिलेत.

आज सरांच्या मातीहून परतताना शेवटी तिला विचारलंच.
"त्या दिवशी मी वर्गात आलो होतो. सर तुला माझ्याबद्दल काय म्हणाले होते?"

ती म्हणाली, "म्हणाले, तुला कसं ऐकू येतं ते बघायला तुझे पप्पा दुकान बंद करून आले. तेव्हाच मी ठरवलं पप्पा, शाळा सोडायची नाही."

दाराकडं पाठ होती, मी काय ओरडलो ते तिला कळलंच नव्हतं.
सरांनी सांगितलं नाही.
आणि रांगेतल्या एकाही लेकरानं आजपर्यंत सांगितलं नाही.

गाडीत तिला खरं सांगितलं नाही. म्हणून इथं लिहितोय.

शिवकन्या, तू हे वाचशील. त्या दिवशी मी तुझ्यासाठी आलो नव्हतो बाळा. चोर म्हणायला आलो होतो.

सर, माफ करा.
तुम्हाला हात जोडून, रडत रडत श्रद्धांजली.