सहादूच्या चाकूचं पाणी

८ फेब्रुवारी १९७१ रोजी सहादू लोहाराने भिंगारच्या भंगारवाल्याला चार रुपये पंचाहत्तर पैसे मोजले आणि लोखंड घासायच्या तीन झिजलेल्या कानशी पिशवीत टाकल्या. भंगारवाल्याने एक चकचकीत पट्टीही पुढे केली. "मिलिटरीचा माल हाय," म्हणाला. सहादूने ती घेतली नाही.

मिलिटरी या शब्दानेच त्याचा घात केला होता. दिवाळीच्या सुमारास त्याने असाच मिलिटरीचा पट्टा आणून घडीचे चाकू केले. पट्टा निघाला पलंगाचा. बैलांचे व्यापारी रंभाजी यांनी घोडेगावच्या बाजारात त्या चाकूने नवा कासरा कापायला घेतला, तर पातं वाकलं. त्यांनी ते चारचौघांत बोटांनी सरळ केलं आणि विचारलं, "सहाद्या, ह्यो चाकू हाय का वाळकाची साल?"

तेव्हापासून बाजारात काकडीसारख्या त्या वाळकावरून त्याचं नाव वाळूक लोहार पडलं. वडिलांपासूनचं गिऱ्हाईक शेजारच्या पालावर जाऊ लागलं. शेवटी त्याने रंभाजींना शब्द दिला, "येत्या शुक्रवारी नवा चाकू आणतो. न्हाई टिकला तर पाल उचलतो."

म्हणून या वेळी भंगार घेताना त्याने कानाऐवजी डोळ्यांवर भिस्त ठेवली होती. भंगारवाल्याच्या धारेच्या चाकावर त्याने एकेक तुकडा धरून पाहिला. पट्टीच्या ठिणग्या लांब, सरळ उडाल्या; कानशीच्या फुलबाजीसारख्या फुटल्या, म्हणजे पोलाद कडक. ट्रकच्या स्प्रिंगच्या कमानीचा तुकडाही वाईट नव्हता, पण ते पोलाद कोयत्या-कुऱ्हाडीचं. घडीच्या चाकूचं पातं पातळ. त्याची धार धरून ठेवायला कानसच हवी.

घरी आल्यावर त्याने पहिली कानस तापवून राखेत मऊ केली, घासून पातं काढलं आणि पुन्हा लाल केलं. आता राहिलं होतं पाणी देणं, म्हणजे तापलेलं पातं विझवून कडक करणं. वडील देत तसं त्याने ते पाण्याच्या बादलीत बुडवलं. टिक्! पातं टोकापासून बुडापर्यंत तडकलं.

बुधवारी दुसरंही तसंच तडकलं. सहादू ऐरणीशी डोकं धरून बसला.

भाता ओढणारी बायको राहीबाई म्हणाली, "पानी देयाचं म्हंजी पानीच कशाला घेयाचं?"

"मग काय ताक देऊ?"

"तेल द्या. लई गार पानी बसलं की माझी तापलेली मातीची परात बी तडकती. कानस तर तिच्याहून नाजूक."

"अन् एवढं तेल हाय का घरात?"

राहीबाई उठली, शेजारच्या छबूबाईकडून गडूभर करडईचं तेल घेऊन आली. तिसरं पातं त्या तेलात गेलं. धूर झाला, खोकला आला, पण टिक् झालं नाही. मग ठिसूळपणा जावा म्हणून सहादूने ते निखाऱ्यावर हलकेच शेकलं आणि मधाचा रंग चढताच बाजूला घेतलं.

शुक्रवारी बाजारतळावर माणसं गोळा झाली. "आलं वाळूक!" कोणीतरी ओरडलं. रंभाजींनी चाकू उघडला, खटका खडकन बसला. त्यांनी कासऱ्याचे सलग सात तुकडे केले, बैलाच्या शिंगाचा वाळका तुकडा तासला, मग टोक लाकडी खुंट्यात रुतवून पातं वाकवलं. सोडलं तसं ते सरळ झालं. शेवटी त्यांनी मनगटावरचे केस त्याच धारेने साफ उतरवले.

"आरं, न्हाव्याच्या पोटावर मारतो का काय!" रंभाजी हसले. मग त्यांनी आवाज चढवला, "सहादूशेठ, असले बारा पायजेत. आन् आजपास्नं ह्याला कुनी वाळूक म्हनलं तर माज्याशी गाठ हाय."

बारा चाकू होळीच्या आत गेले. पुढच्या वर्षी शेजारच्या पालाचा लोहारसुद्धा आपली पाती सहादूकडे पाणी द्यायला आणू लागला. पाण्याची बादली का नको, हे त्याला राहीबाईच सांगे.

छबूबाईचं गडूभर करडईचं तेल अजून परत करायचं राहिलं आहे.